संगणकाच्या शोधसूचीचे पथ्यापथ्य : फाइल व फोल्डर वगळण्याचा विधी

विषयप्रवेश

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा तिसावा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. त्या अध्यायात संहितेची आठ स्थाने आणि १२० अध्याय यांची नामावळी दिलेली आहे. सूत्रस्थान ३०, निदान, विमान व शारीर प्रत्येकी ८, इंद्रिय १२, चिकित्सा ३०, कल्प व सिद्धी प्रत्येकी १२, असा तो हिशेब आहे. ग्रंथ कितीही विशाल असला तरी त्यात काय कोठे आहे हे सांगणारी सूची नसेल तर तो वैद्याच्या हाती वेळेवर पडत नाही, हे आचार्यांनी ओळखले होते.

त्याच संहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेला उपदेशही आपल्या परिचयाचा आहे. रुग्णाच्या घरात वैद्याला जे कळते ते त्याने बाहेर सांगू नये, असा त्यातील एका आदेशाचा आशय आहे. सूची आणि गोपनीयता या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पूर्वी फारसा नव्हता. आज मात्र आपल्या चिकित्सालयातील व औषधालयातील संगणकावर त्या दोन्ही एकाच पडद्यावर समोरासमोर उभ्या राहतात. संगणक स्वतः होऊन आपल्या सर्व फाइलींची सूची बनवितो आणि विचारणाऱ्याला ती तत्परतेने दाखवितो. विचारणारा कोण आणि शेजारी कोण उभे आहे, हे तो पाहत नाही.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील आपले बहुसंख्य व्यवसायबंधू एकाच संगणकावर केसपेपर, औषधांचे बिल, साठ्याची नोंद आणि पत्रव्यवहार सांभाळतात. म्हणून या सूचीतून काय वगळावे, कसे वगळावे आणि वगळल्याने काय साधते व काय साधत नाही, याचा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

एक प्रसंग

हा विषय आमच्यापुढे कसा आला ते प्रथम प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आमच्या चिकित्सालयाला लागूनच औषधविक्रीचा कक्ष आहे आणि तेथील संगणकावरच आम्ही केसपेपर टंकित करून ठेवीत असू. फाइलीला नाव देताना गाव, रुग्णाचे नाव आणि व्याधी असा क्रम आम्ही सोयीसाठी ठरविला होता. एके दिवशी एक गृहिणी शतावरी कल्पाचा भाव विचारण्यास आल्या. सहायकाने दरपत्रक उघडण्यासाठी शोधपट्टीत ‘शतावरी’ हा शब्द लिहिला. दरपत्रक आलेच, पण त्याखाली ज्या रुग्णांच्या व्यवस्थापत्रात शतावरीचा उल्लेख होता त्यांच्या फाइलींची नावेही ओळीने आली. त्यांपैकी एका नावापुढे ‘वंध्यत्व’ असा शब्द होता आणि ते नाव त्या गृहिणींच्या शेजारच्या घरातील सुनेचे होते.

सहायकाचा त्यात काहीही दोष नव्हता. त्याने जे शोधावयाचे तेच शोधले होते. दोष आमच्या मांडणीचा होता. ती रुग्णा त्यानंतर आमच्याकडे आली नाही. का आली नाही हे विचारण्याचा अधिकारही आम्ही गमावला होता. आपल्या गावांत आडनावावरून गाव आणि गावावरून घर ओळखले जाते. ‘निलंगेकर’ वा ‘देगलूरकर’ एवढे शब्द पडद्यावर दिसले तरी पुढचे सांगावे लागत नाही. मोठ्या शहरातील रुग्णालयात जी चूक दुर्लक्षित राहील ती येथे एखाद्याच्या संसारावर बेतू शकते.

शोधसूची म्हणजे काय?

जाड ग्रंथाच्या शेवटी वर्णानुक्रमणिका असते. ‘गुडूची’ हा शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला ते तेथे एका ठिकाणी सापडते. त्यासाठी ग्रंथ पानापानाने चाळावा लागत नाही. संगणकाची शोधसूची, म्हणजे ज्याला आपण इंडेक्स म्हणतो ती, तत्त्वतः हीच गोष्ट आहे. संगणक रिकामा असताना त्यातील एक कार्यप्रणाली फाइली एकेक करून वाचते, त्यांतील शब्द वेगळे काढते आणि कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची स्वतंत्र नोंदवही तयार करते. आपण शोधपट्टीत शब्द लिहिला की संगणक मूळ फाइली पाहत नाही, ही नोंदवही पाहतो. म्हणून उत्तर क्षणात मिळते.

या नोंदवहीत तीन प्रकारची माहिती असते. पहिली, फाइलीचे नाव व तिचे स्थान. दुसरी, फाइलीचे गुणधर्म, म्हणजे दिनांक, आकार, लेखकाचे नाव इत्यादी. तिसरी, फाइलीच्या आतील मजकूर. आपल्या दृष्टीने हा तिसरा भाग सर्वाधिक महत्त्वाचा आहे, कारण वरील प्रसंगात जे घडले ते त्याच्यामुळे घडले. वर्ड, एक्सेल, साधी टेक्स्ट फाइल आणि ज्यात अक्षरे अक्षररूपाने साठविलेली आहेत अशी पीडीएफ यांचा मजकूर सूचीत जातो. याउलट, कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ किंवा क्ष-किरण चित्राचा फोटो हा संगणकाच्या लेखी चित्रच असतो. सामान्यतः त्याचे केवळ नाव सूचीत येते.

सूची किती मोठी होते याचाही अंदाज असावा. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या माहितीनुसार विंडोजची शोधसूची साधारणतः मूळ फाइलींच्या आकाराच्या १० टक्क्यांहून कमी जागा घेते. मात्र अगदी लहान आकाराच्या फाइली पुष्कळ असतील तर हे प्रमाण वाढते. सूचीतील घटकांची संख्या ४ लाखांपुढे गेली की संगणकाची गती मंदावू शकते आणि सुमारे १० लाख ही तिची कमाल मर्यादा मानली जाते. एकट्या चिकित्सालयात ही संख्या गाठली जाणार नाही. पण जुन्या संगणकांच्या प्रती, छायाचित्रे आणि बिलिंग प्रणालीच्या सुट्या फाइली एकत्र साठत गेल्या तर मर्यादेच्या दिशेने वाटचाल होते, हे खरे.

थोडा पूर्वेतिहास

विंडोज २००० आणि एक्सपी या प्रणालींत सूची करण्याची सोय होती, पण सामान्य वापरकर्त्याला तिची फारशी जाणीव नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने संगणकावरील फाइली शोधून देणारी ‘गूगल डेस्कटॉप’ ही प्रणाली दिली, एप्रिल २००५ मध्ये ॲपलच्या संगणकावर ‘स्पॉटलाइट’ आले, आणि २००७ साली सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय विंडोजचे अंगभूत वैशिष्ट्य बनली.

गोपनीयतेचा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत एका संगणकावरील मजकुराची प्रत गूगलच्या यंत्रणेवर ठेवून दुसऱ्या संगणकावरून शोधण्याची सोय देण्यात आली. तेव्हा अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या संस्थेने ती वापरू नये असा जाहीर इशारा दिला होता. ती प्रणाली २०११ साली बंद झाली. परंतु सूचीत काय जावे आणि काय जाऊ नये हे वापरकर्त्याने ठरविले पाहिजे, हा त्यातून मिळालेला धडा जुना झालेला नाही.

काय वगळावे? चार वर्ग

आमच्या अनुभवाने वगळण्यायोग्य सामग्रीचे चार वर्ग पडतात.

१. रुग्णांच्या गोपनीय नोंदी. केसपेपर, तपासणी अहवाल, पंचकर्माची संमतिपत्रे, रुग्णांची छायाचित्रे आणि विमा वा न्यायालयीन कामासाठी दिलेली प्रमाणपत्रे या वर्गात येतात. वंध्यत्व, लैंगिक विकार, मानसरोग, त्वचाविकार, व्यसनमुक्ती या विषयांतील नोंदी प्रथम हलवाव्यात. एचआयव्ही बाधित रुग्णांविषयी तर २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने अशी नोंद ठेवणाऱ्या आस्थापनेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना संवेदनशील व्यक्तिगत माहितीत गणले. पुढे २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. लहान चिकित्सालय म्हणून आपण या विचारातून सुटतो, असे समजू नये.

२. जुन्या आवृत्त्या व प्रती. हा वर्ग औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंनी विशेष लक्षात घ्यावा. चंद्रप्रभा वटी, महायोगराज गुग्गुळ यांसारख्या कल्पांचे पाठ ग्रंथपरत्वे भिन्न असतात. ज्या ग्रंथाच्या आधारे परवाना घेतला त्याच पाठाने कल्प बनला पाहिजे. रसशाळेच्या संगणकावर मात्र विद्यार्थिदशेतील टिपणे, परवान्यापूर्वीचे कच्चे आराखडे, लेबलाचे जुने मसुदे आणि चालू घटकपत्र सर्व एकत्र असते. ‘चंद्रप्रभा’ शोधल्यावर चार फाइली आल्या आणि घाईत तिसरी उघडली गेली तर प्रमाणात फरक पडेल, आणि ती चूक बॅच पूर्ण होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. चालू घटकपत्रे एका फोल्डरात ठेवून ती सूचीत ठेवावीत, आणि बाकी सर्व ‘जुने’ या फोल्डरात घालून ते सूचीतून वगळावे. जुनी दरपत्रके व साठ्याची जुनी पत्रके यांनाही हाच नियम लावावा.

३. हिशेब व बिलिंग प्रणालीच्या अंतर्गत फाइली. टॅली किंवा औषधविक्रीची कोणतीही प्रणाली आपला विदा स्वतःच्या विशिष्ट रूपात साठविते. शोधसूचीला त्या फाइलींतील मजकूर वाचता येत नाही. तरीही बिलागणिक बदलणाऱ्या त्या फाइलींची नोंद ती पुन्हा पुन्हा अद्ययावत करीत बसते. लाभ काहीच नाही, श्रम मात्र अखंड. हा विदा कोणत्या फोल्डरात आहे ते त्या प्रणालीतच दिसते. तो फोल्डर वगळावा. बिल शोधावयाचे तर त्या प्रणालीतूनच शोधावे.

४. बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर किंवा त्याच संगणकावर घेतलेल्या प्रती सूचीत राहिल्यास प्रत्येक फाइल दोनदा, तीनदा दिसते. त्यांपैकी प्रतीतच दुरुस्ती करून ठेवण्याची चूक आपल्यापैकी अनेकांनी केलेली असेल. बॅकअप घ्यावाच, पण तो शोधात येऊ देऊ नये.

सूचीत काय राहावे हेही सांगणे आवश्यक आहे. चालू दरपत्रक, औषधी द्रव्यांची माहिती, ग्रंथांवरील आपली टिपणे, शासकीय परिपत्रके, पत्रव्यवहार आणि चालू घटकपत्रे यांसाठी शोधसूची अत्यंत उपयुक्त आहे. सूचीच बंद करून टाकणे हा अतिरेक होय. दोषाच्या भयाने अन्न वर्ज्य करण्यासारखेच ते आहे.

वगळण्याचा विधी

प्रथम पूर्वकर्म. रुग्णांच्या सर्व नोंदी एकाच मुख्य फोल्डरात एकत्र कराव्यात. इतस्ततः विखुरलेल्या फाइली वगळता येत नाहीत. फोल्डर वगळता येतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सर्वांत आधी उचलाव्यात, कारण डेस्कटॉप हा सूचीत हमखास असतो.

त्यानंतर प्रधानकर्म. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘सर्चिंग विंडोज’ (काही आवृत्त्यांत केवळ ‘सर्च’) येथे जावे. तेथे ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय दिसतात. क्लासिकमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक व डेस्कटॉप एवढ्याच ठिकाणांचा शोध होतो. एन्हान्स्डमध्ये संपूर्ण संगणक सूचीत जातो. चिकित्सालयासाठी क्लासिक पुरेसे आहे. त्याच पानावर फोल्डर वगळण्याची सोय आहे. तेथे आपला मुख्य फोल्डर निवडावा. विंडोज १० मध्ये हीच सोय ‘सेटिंग्ज’मधील ‘सर्च’ या विभागात आहे. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने रुग्णांच्या नोंदी अशा संगणकावर फार काळ ठेवणे उचित नाही.

दुसरा मार्ग जुन्या वापरकर्त्यांच्या परिचयाचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडावे. किती घटकांची सूची झाली आहे हा आकडा वरच दिसतो. ‘मॉडिफाय’ या बटणावर क्लिक केले की फोल्डरांची वृक्षरचना उघडते. त्यातील जो फोल्डर वगळावयाचा त्यापुढील खूण काढून टाकावी आणि ‘ओके’ करावे. मुख्य फोल्डर सूचीत ठेवून त्यातील एखादाच उपफोल्डर वगळणेही येथे शक्य आहे.

तिसरा मार्ग फाइलीच्या प्रकारावर आधारित आहे. त्याच खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ आणि त्यात ‘फाइल टाइप्स’ येथे प्रकारांची यादी दिसते. एखाद्या प्रकारापुढील खूण काढली की त्या प्रकारच्या फाइली सूचीतून जातात. खाली दोन पर्याय आहेत. ‘प्रॉपर्टीज ओन्ली’ निवडल्यास त्या प्रकारच्या फाइलींची केवळ नावे व गुणधर्म सूचीत राहतात, आतील मजकूर जात नाही. हा नियम संपूर्ण संगणकाला लागू होतो हे विसरू नये. वर्ड फाइलींना तो लावला तर आपली ग्रंथटिपणेही मजकुरावरून सापडणार नाहीत.

चौथा मार्ग एका फोल्डरापुरता आहे. फोल्डरावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ व त्यात ‘ॲडव्हान्स्ड’ उघडावे. फाइलींतील मजकुराची सूची करू द्यावी अशा आशयाची एक खूण तेथे असते. ती काढून आतील सर्व फाइलींना लागू करावी. मात्र या मार्गाने केवळ मजकूर वगळला जातो, नावे सूचीत राहतात. आमच्या प्रसंगातील घात फाइलीच्या नावानेच केला होता. म्हणून रुग्णनोंदींसाठी हा मार्ग अपुरा आहे.

शेवटी पश्चात्कर्म. मोठे बदल केल्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘रीबिल्ड’ या बटणाने सूची नव्याने बांधून घ्यावी. फाइली अधिक असल्यास त्यास काही तास लागतात आणि तोवर शोध अपुरा मिळतो. हे काम रात्री लावून ठेवावे. मध्येच वीज गेल्यास सूची बिघडण्याचा संभव असतो, तेव्हा इन्व्हर्टर वा यूपीएस असेल तरच ते हाती घ्यावे. सूची बिघडली तरी मूळ फाइलींना धक्का लागत नाही. पुन्हा ‘रीबिल्ड’ करावे लागते इतकेच.

ॲपलचा संगणक वापरणाऱ्यांनी स्पॉटलाइटच्या सेटिंग्जमधील ‘सर्च प्रायव्हसी’ येथे अधिक चिन्हावर क्लिक करून फोल्डर जोडावा. तेथे जोडलेला फोल्डर शोधातून वगळला जातो. विंडोजच्या मॉडिफायमध्ये खूण असलेले फोल्डर सूचीत असतात, आणि येथे यादीत असलेले फोल्डर सूचीबाहेर असतात. हा फरक ध्यानात ठेवावा.

मराठी लिपीचा स्वतंत्र प्रश्न

आपल्या जुन्या फाइलींचा एक विशेष आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत तो रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या रूपात साठविलेला असतो. शोधसूची ती रोमन अक्षरेच वाचते. परिणामी युनिकोड पद्धतीने ‘अश्वगंधा’ लिहून शोधले तर त्या फाइली सापडत नाहीत. सूचीत मात्र अर्थहीन अक्षरांचा भरणा होतो. अशा फाइलींपैकी ज्या उपयोगाच्या असतील त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि उरलेल्या वगळाव्यात.

युनिकोडमध्येही काही खाचखळगे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई आणि आजही काही जण तसेच लिहितात. ‘ॲलर्जी’ हा शब्द दोन्ही पद्धतींनी दिसतो सारखा, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द ठरू शकतात. भस्मनिर्मितीच्या नोंदीत येणाऱ्या ‘गोवऱ्या’ या शब्दातील रफाराचे तसेच आहे. देवनागरी व रोमन अंकांविषयीही सावध असावे. केसक्रमांक सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावा.

तिसरी मर्यादा समासाची. विंडोजची सूची सामान्यतः शब्दाच्या आरंभापासून जुळणी करते. ‘अश्व’ लिहिल्यास ‘अश्वगंधा’ सापडते, पण ‘गंधा’ लिहिल्यास सापडेल याची शाश्वती नसते. ‘अविपत्तिकरचूर्ण’ असा जोडून लिहिलेला शब्द ‘चूर्ण’ या शोधात येईलच असे नाही. पर्यायनामांचे ज्ञान तर तिला मुळीच नसते. गुडूची, गुळवेल आणि अमृता ही तिच्या दृष्टीने तीन भिन्न द्रव्ये आहेत. निघंटुकारांनी पर्यायनामे एकत्र का दिली याचे महत्त्व येथे नव्याने पटते. म्हणून फाइलीच्या आरंभी द्रव्याची दोन-तीन प्रचलित नावे सुटी लिहिण्याची सवय ठेवावी.

वगळणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना येथे करीत आहोत. सूचीतून वगळलेला फोल्डर अदृश्य होत नाही. ज्याला त्याचे स्थान ठाऊक आहे तो तेथे जाऊन कोणतीही फाइल उघडू शकतो. इतकेच नव्हे, तर त्या फोल्डरात जाऊन तेथील शोधपट्टीत नाव लिहिल्यास फाइल सापडते. केवळ वेळ अधिक लागतो. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून एक शब्द गाळला तरी पृष्ठ ग्रंथातच राहते, तसेच हे आहे. अनवधानाने होणारे प्रकटन वगळण्याने टळते. हेतुपुरस्सर होणारी चोरी त्याने टळत नाही.

म्हणून वगळण्याला पुढील गोष्टींची जोड द्यावी.

संगणकावर वैद्यासाठी व सहायकासाठी स्वतंत्र युजर खाती करावीत, दोहोंना पासवर्ड असावा आणि सहायकाचे खाते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे असावे. रुग्णनोंदी वैद्याच्या खात्यातील डॉक्युमेंट्समध्ये ठेवाव्यात. ज्या फाइली उघडण्याचा अधिकार खात्याला नाही त्या विंडोज त्या खात्याच्या शोधात दाखवीत नाही. मात्र नोंदी ‘डी’ ड्राइव्हवर मोकळ्या ठेवल्यास त्या बहुधा सर्वच खात्यांना दिसतात. ही चूक आपल्याकडे सर्रास आढळते.

फाइलीच्या नावात रुग्णाचे नाव व व्याधी लिहू नये, केसक्रमांक लिहावा. क्रमांक व नाव यांची जुळणी करणारी नोंदवही कागदाची असली तरी चालेल, किंबहुना तीच उत्तम.

अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी विंडोजच्या स्टार्ट मेनूत व वर्डमध्ये वेगळी दिसते; शोधसूचीशी तिचा संबंध नाही. सेटिंग्जमधून तीही बंद करावी. काही नव्या संगणकांत २०२५ पासून पडद्याची चित्रे साठवून ती शोधू देणारी ‘रिकॉल’ ही ऐच्छिक सोय आली आहे. रुग्णनोंदींच्या संगणकावर ती सुरू करू नये.

संगणक दुरुस्तीला देताना डिस्क त्यासोबत जाते. विंडोजच्या प्रो आवृत्तीतील ‘बिटलॉकर’ने डिस्क कूटबद्ध करून ठेवल्यास पासवर्डाविना ती वाचता येत नाही. त्याची पुनःप्राप्तीची किल्ली मात्र कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. ती हरवल्यास आपल्याच नोंदी आपल्याला दुरावतात.

परीक्षण

औषध सिद्ध झाल्यावर आपण सिद्धिलक्षणे पाहतो. येथेही परीक्षण आवश्यक आहे. वगळलेल्या फोल्डरात एक कोरी वर्ड फाइल करून तिचे नाव साधे ठेवावे आणि आत अन्यत्र कोठेही न येणारा एखादा शब्द लिहावा. काही वेळाने शोधपट्टीत तो शब्द लिहावा. फाइल आली नाही तर विधी यथायोग्य झाला असे समजावे. नंतर त्या फाइलीचे नाव लिहून पाहावे. तेही येता कामा नये. हेच परीक्षण सहायकाच्या खात्यातून पुन्हा करावे. शेवटी ‘शतावरी’, ‘वंध्यत्व’, ‘फिरंग’ असे दोन-चार नेहमीचे शब्द विक्रीकक्षातील संगणकावर लिहून पडद्यावर काय येते ते स्वतः पाहावे. आपल्या डोळ्यांनी न पाहता अशा कामात समाधान मानू नये.

दर तीन महिन्यांनी, हे नियतकालिक हाती येईल तेव्हा, हे परीक्षण पुन्हा करावे असे आम्ही सुचवितो. नवा सहायक येतो, नवी प्रणाली बसते, विंडोजची नवी आवृत्ती येते आणि जुनी मांडणी नकळत बदलते.

उपसंहार

सूची ही ज्ञानाची सोय आहे, आणि काय उघड ठेवावे व काय झाकावे याचा विवेक हा वैद्यधर्म आहे. आमच्या चिकित्सालयात आता रुग्णनोंदी वेगळ्या खात्यात, क्रमांकाने आणि सूचीबाहेर आहेत. विक्रीकक्षात ‘शतावरी’ लिहिले की दरपत्रक आणि द्रव्यमाहिती एवढेच दिसते. त्यासाठी आम्हाला एक रविवार लागला. जी रुग्णा परत आली नाही, तिच्यासाठी मात्र या सुधारणेचा काही उपयोग नाही, ही जाणीव आमच्या मनात राहिली आहे. आमचे व्यवसायबंधू व भगिनी यांनी तसा प्रसंग येण्याची वाट न पाहता येत्या सुटीच्या दिवशी आपल्या संगणकापुढे बसावे आणि प्रथम एक शब्द शोधून पाहावा, एवढीच विनंती.